खंडेनवमीची कार्डं

मला काळजी करायची सवय आहे, आणि ती ग्रंथालयातच पक्की झाली. पुस्तक चुकीच्या फळीवर गेलं की ते हरवलंच म्हणून समज, असं आमच्या ग्रंथपालसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून घरी जेवताना सुद्धा मी मनातल्या मनात फळ्या तपासत बसे. आई म्हणायची, "भाताकडं बघ जरा. तुजी पुस्तकं कुटं पळून जात न्हाईत." माझा काही त्यावर विश्वास बसत नसे.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. गिरगावातल्या एका जुन्या ग्रंथालयात मी सहायक होतो, तात्पुरता. परळच्या चाळीतून ट्रामने यायचं, भिंतींवर रंगवलेल्या घोषणा वाचत. कधी पुढे गडबड आहे म्हणून ट्राम मध्येच थांबायची, मग उरलेला रस्ता चालत, बंद दुकानांच्या कडेकडेने. ग्रंथालयात वरच्या मजल्यावर पोचलो की आधी खिडक्या लावायच्या, कारण अश्रुधूर गल्लीत शिरला तर वाचकांचे डोळे चुरचुरायचे. अशा धामधुमीतही लोक वाचायला येत. मला मात्र मुंबई कुणाला मिळणार याच्या जोडीने माझी नोकरी मला मिळणार की नाही, याचा घोर होता.

माझी जागा कायम करायची की नाही हे कार्यकारी मंडळ ठरवणार होतं. मंडळाचे अध्यक्ष एक नामांकित वकील होते. समितीच्या सभांत त्यांची भाषणं गाजत. कामगार मैदानावर ते बोलायला उभे राहिले की आमच्या चाळीतले लोक घोळक्याने ऐकायला जात. "जात विसरा, मराठी माणूस एक आहे," हे ते असं म्हणत की माझे वडील, आबा, टाळ्या वाजवून हात लाल करून घेत. तर या वकीलसाहेबांनी ठरवलं होतं की जपानी पाहुण्यांच्या देखरेखीखाली मी जी कार्डं करत होतो, त्यांचा प्रयोग मंडळासमोर व्हावा. प्रयोग जमला तर सूचीचं काम पुढे चालू, आणि मी कायम. नाही जमला तर कामही बंद, आणि ते काम करणाऱ्याचंही काही खरं नाही.

जपानी पाहुणे म्हणजे पन्नाशीचे, बुटके, फार हळू बोलणारे एक संशोधक. आपल्याकडची ग्रंथालयं विषयांची वर्गवारी कशी करतात ते पाहायला ते आले होते. खोताच्या वाडीतली लाकडी घरं त्यांना इतकी आवडली की रोज मुद्दाम त्या बोळातून फिरून येत. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं, माझं त्याहून. त्यामुळे आमचं छान जमे. दोघांपैकी कुणालाच लाज वाटायचं कारण नव्हतं.

ते सांगत, की लढाईनंतर त्यांच्या देशात शास्त्रीय मासिकांचा एवढा डोंगर झाला आहे की लेख लिहिण्यापेक्षा लिहिलेला लेख शोधणं कठीण. त्यात त्यांची लिपी अशी, की एकच अक्षर वेगवेगळ्या शब्दांत वेगवेगळं वाचलं जातं. मग कार्डं अकारविल्हे लावून उपयोग काय? ज्याला उच्चार माहीत नाही त्याने कुठल्या खणात हात घालावा? म्हणून ते अशा पद्धतीच्या मागे लागले होते, जिच्यात कार्डं कुठल्याही क्रमाने असली तरी चालेल.

ती पद्धत त्यांनी मला शिकवली. जाड कार्ड घ्यायचं. त्याच्या चारी कडांना ओळीने भोकं. प्रत्येक भोक एका विषयाचं: हे मुंबईचं, हे भाषेचं, हे शेतीचं, हे गिरण्यांचं. लेख ज्या विषयावर असेल त्या विषयाचं भोक चिमट्याने कडेपर्यंत कापून उघडं करायचं. झालं. आता मुंबईवरचे लेख हवे असतील तर सगळा गठ्ठा सरळ धरायचा, मुंबईच्या भोकातून लांब सुई आरपार घालायची आणि गठ्ठा उचलून हलवायचा. ज्यांची भोकं उघडी आहेत ती कार्डं खाली पडतात, बाकीची सुईला लटकून राहतात. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. सूप हातात घेऊन पाखडण्यासारखंच ते होतं, फक्त इथे हवं ते खाली पडत होतं.

मराठी मासिकांच्या जुन्या अंकांतले लेख मी अशा कार्डांवर आणले. चिमटा दाबून दाबून अंगठ्याला घट्टा पडला. एकदा एक भोक चुकीचं कापलं गेलं, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कापलेलं भोक पुन्हा जोडता येत नाही ना.

याच काळात त्यांनी मला त्यांच्या देशातला वर्गवारीचा तक्ता दाखवला. अमेरिकन पद्धतीसारखा दशांशाचाच, पण आतले विषय आपल्या सोयीने मांडलेले. धर्माच्या रकान्यात बोट ठेवून ते म्हणाले, हे बौद्ध धर्माचं घर. पुरता दहाचा गट, त्याचा स्वतःचा. आमच्या ग्रंथालयात बौद्ध धर्माची पुस्तकं 'हिंदू धर्म : इतर पंथ' या फळीवर, कोपऱ्यात होती. मी त्या आकड्याकडे पाहत राहिलो आणि मला त्यांना काहीतरी सांगावंसं वाटलं. पण सांगितलं नाही. तेव्हा माझ्या तोंडाला कुलूपच असायचं.

आम्ही पूर्वाश्रमीचे महार. आबा गिरणीत रिंगखात्यात, सूतकताईवर, होते. मागांच्या साचेखात्यात पगार बरा, पण तिथे धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, आणि आमच्या माणसाचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे, म्हणून तिथे प्रवेश नाही. दादरच्या चौपाटीवर, त्या दुःखाच्या दिवशी, चितेसमोरच्या गर्दीत उभं राहून आम्ही बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. आबांनी घरातले देव काढले आणि शांतपणे एका पिशवीत घालून समुद्रावर नेले. ग्रंथालयात माझी जात सगळ्यांना माहीत होती. दीक्षेचं मी कुणाला बोललो नव्हतो आणि कुणी विचारलंही नव्हतं. तात्पुरत्या माणसाने आपल्याबद्दल जितकं कमी सांगावं तितकं बरं, असा माझा हिशेब होता.

दीक्षेनंतरचा पहिला दसरा जवळ आला आणि ग्रंथपालसाहेबांनी प्रयोगाचा दिवस सांगितला. "खंडेनवमीला ठेवू," ते म्हणाले. "सकाळी पूजा, मग प्रयोग, मग पेढे. वकीलसाहेबांनाही तोच दिवस शुभ वाटतो."

खंडेनवमीला गिरणीत साच्यांची पूजा, सुताराकडे करवतीची, तशी आमच्याकडे पुस्तकांची आणि सूचीच्या कपाटांची. नारळ सगळ्यात नव्या माणसाने फोडायचा, ही रीत. आदल्या वर्षी तो मीच फोडला होता, एका फटक्यात, आणि आमचा मालवणचा शिपाई खूश होऊन म्हणाला होता, "हात चांगलो आसा रे तुजो." माझ्यानंतर कुणी नवा लागलेला नव्हता. म्हणजे यंदाही नारळ माझ्याच हातात येणार. देवपूजा करणार नाही अशी प्रतिज्ञा मी हजारो लोकांबरोबर घेतलेली. आणि समोर बसणार कोण, तर मला कायम करणारं मंडळ.

दुसरा दिवस सुचवून पाहिला. "साहेब, एकादशीनंतर ठेवलं तर?" साहेब म्हणाले, "का रे? कार्डं तयार नाहीत का?" आता काय सांगणार. "तयार आहेत," म्हटलं.

घरी आबांना विचारलं, गिरणीत तुम्ही काय करता. ते सहज म्हणाले, "पूजा सुरू झाली की मी गेटाबाहेर जाऊन हुबा ऱ्हातो. इडी वढतो. जॉबर म्हनला, काय रं, तुला देव न्हाई? म्हनलं, हाय त्यो तुमाला लखलाभ. मग आत येतो आन् पेढा खातो."

"पेढा कसा खाता मग?"

"पेढा हलवायानं केलाय. त्याला कशाला नाव ठेवायचं?"

त्यांचं असं सगळं सोपं. मला त्यांचा हेवा वाटला आणि रागही आला. त्यांची नोकरी कायम होती. त्यांचा जॉबर, म्हणजे मुकादम, त्यांना काही प्रयोग करून दाखवायला सांगत नव्हता.

खंडेनवमीला मी सगळ्यांच्या आधी पोचलो. कार्डांचा गठ्ठा मधल्या टेबलावर उभा केला, भोकं वरच्या बाजूला, सुई शेजारी. दोनदा करून पाहिलं. कार्डं पानं गळावीत तशी अलगद पडली. एवढ्यात शिपाई झेंडू आणि आपट्याची पानं घेऊन आला, साहेब सोवळं नाही पण धुतलेलं धोतर नेसून आले, जपानी पाहुणे आले, मंडळी आली. वकीलसाहेब पांढऱ्याशुभ्र खादीत. ताम्हन निघालं, उदबत्ती पेटली. शिपायाने नारळ आणायला पाठ फिरवली आणि मी दरवाज्यातून निसटलो.

जिन्यात उभा राहिलो, मधल्या वळणावर, तिथून वरचं काही दिसत नाही. घंटा ऐकू येत होती. कुणी माझं नाव घेतलं की काय असं दोनदा वाटलं. नारळ फुटल्याचा आवाज आला तेव्हा मी डोळे मिटून सुटकेचा श्वास टाकला. दुसऱ्या कुणी तरी फोडला होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला धर्माबिर्माचं काही वाटत नव्हतं. एवढंच वाटत होतं, की वाचलो.

आरती संपली, तसा मी हळूच आत येऊन मागे उभा राहिलो. साहेबांनी हाक मारली, "चल रे, सुरू कर."

वकीलसाहेब खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मला उद्याच्या भाषणाला उपयोगी पडेल असं काढा. मुंबई आणि मराठी भाषा, दोन्ही एकत्र." मी टेबलाशी गेलो.

गठ्ठ्याची पूजा झाली होती. यथासांग. वरच्या कडेवर, ओळीने, भोकांवरून, बोटाने ओढलेलं ओलं गंध. त्यावर हळद, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. वर झेंडूची माळ, तिच्यातून पाणी झिरपून कार्डांत उतरलेलं. सुईलाही गंध लावलेलं होतं. हे लोक कपाटांना असंच गंध लावत आले होते आणि लाकडाला त्याचं काही होत नसे. कार्डाला काय होतं हे तिथे फक्त मला आणि पाहुण्यांना ठाऊक होतं. पाहुणे पाहुणे होते. मी जिन्यात होतो.

मी माळ काढली. सुई घातली. ती भोकात अक्षतेला अडली. जोर केला, ती कशीबशी पार गेली. गठ्ठा उचलून हलवला. एकही कार्ड पडलं नाही. पुन्हा हलवला, जोरात. तेव्हा एक मोठा लगदा, पाव-शेर वजनाचा असेल, सुईवरून फाटून टेबलावर पडला. त्यात मुंबई होती, शेती होती, पाककृती होत्या, सगळंच होतं.

कुणीतरी खोकलं. वकीलसाहेब म्हणाले, "यात माझं भाषण कुठलं?" मंडळी हसली. पाहुण्यांनी वाकून कार्डांच्या कडेला बोट लावलं आणि लाल झालेलं बोट वर करून साहेबांकडे पाहिलं.

साहेब सरळ माणूस. ते म्हणाले, "गंध मी लावलं. चूक माझी." मग माझ्याकडे वळून, अगदी आपुलकीने, त्यांनी विचारलं, "पण तू कुठे होतास रे? तू इथे असतास तर मला लावू दिलं नसतंस. नारळाच्या वेळीही शोधलं तुला."

किती तरी खोटी उत्तरं जिभेवर आली. पाणी प्यायला गेलो होतो. चक्कर आली. खाली कुणी हाक मारली. त्यातलं कुठलंही चाललं असतं, आणि प्रयोग उद्या परत ठेवला असता. पण साहेबांनी चूक आपल्या अंगावर घेतल्यावर त्यांच्या तोंडावर खोटं बोलणं मला जमेना.

"जिन्यात होतो साहेब," मी म्हणालो. "आम्ही दीक्षा घेतलीय. मी पूजा करत नाही."

पाहुण्यांनी साहेबांना विचारलं, हा काय म्हणाला? साहेबांनी इंग्रजीत सांगितलं, हा म्हणतो की तो बौद्ध आहे, म्हणून पूजेला थांबला नाही.

पाहुण्यांचा चेहरा उजळला. ते भराभर बोलू लागले. इतक्या भराभर त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्याकडे वर्षातून एकदा बायका मोडलेल्या सुया घेऊन देवळात जातात. सोयाबीनच्या मऊ वडीत त्या खोचतात, कष्ट केलेस म्हणून सुईचे आभार मानतात, हात जोडतात. बौद्ध देवळांतही हे होतं. त्यांची आई नेहमी जात असे. त्यांना मला धीर द्यायचा होता, हे मला कळत होतं. ते बिचारे साहेबांना सांगत होते, की काळजी करू नका, सुईला गंध लावलंत यात बौद्ध माणसाला वाईट वाटण्यासारखं काही नाही.

वकीलसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "घ्या! जपानचा बौद्ध सुईची पूजा करतो आणि आमचा परळचा बौद्ध जिन्यात जाऊन लपतो! अहो, हे बुद्धापेक्षाही पुढे गेले." पुन्हा सगळे हसले. शिपाई तेवढा हसला नाही. पेढ्यांचं ताट धरून तो माझ्याकडे बघत राहिला.

मला राग आला. मला राग क्वचित येतो, भीतीच इतकी असते की रागाला जागा उरत नाही. पण त्या दिवशी आला.

"वकीलसाहेब, त्यांच्या आईला त्या देवळाच्या पायरीवर कुणी अडवलं नसेल," मी म्हणालो. "माझ्या आईला अडवलं होतं."

पाहुणे पुन्हा साहेबांकडे वळले. काय म्हणाला?

"जाऊ द्या," वकीलसाहेब घाईने म्हणाले. "ते नका सांगू त्यांना. परदेशी माणूस आहे."

साहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत घातला. "त्यांनी विचारलंय," ते म्हणाले. आणि त्यांनी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. सावकाश, एकही शब्द न गाळता, परीक्षेला बसलेल्या मुलासारखं. ते सांगताना त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते.

पाहुणे खाली बसले आणि चिकटलेली कार्डं नखाने एकेक सुटी करू लागले. मंडळींनी पेढे हातात घेतले, पण खायला कुणी सुरुवात करेना. शेवटी वकीलसाहेब उठले. "कायम करण्याचं पुढच्या बैठकीत पाहू," एवढं म्हणून ते निघाले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ती पुढची बैठक कधी आंदोलनामुळे पुढे गेली, कधी नुसतीच पुढे गेली. साहेब दर वेळी माझा विषय मांडत आणि दर वेळी वेळ संपलेली असे. अखेर मीच दादरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी घरी गेलो तर आबा दुसऱ्या दिवशीसाठी पांढरा सदरा घडी करून उशीखाली ठेवत होते. पहिल्या मोठ्या दीक्षेला दसऱ्याला वर्ष होत होतं, म्हणून मोठी सभा होती. "झाला का रं कायम?" त्यांनी विचारलं.

"नाही."

मग मी सगळं सांगितलं. जिना, गंध, लगदा, सुयांचं देऊळ. वकिलांपर्यंत आलो तेव्हा आबांनी हात थांबवला.

"कामगार मैदानात बोलतो, त्योच वकील?"

"तोच."

"त्याच्या म्होरं बोललास?"

"हो."

मला वाटलं, आता चिडतील. चांगली नोकरी हातची घालवलीस म्हणतील. आईने चुलीपासून मान वळवलीच होती. आबा बराच वेळ सदऱ्याची घडी हाताने सपाट करत बसले.

"काडून टाकतील?"

"टाकतीलही."

"भ्या वाटतंय?"

"वाटतंय," मी म्हणालो.

"मला बी वाटतंय," आबा म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. "लई वाटतंय. पर कामाला जा. येळंवर जा."